बालवाडी आणि पहिलीच्या मुलांना स्वतःच्या हातांनी करता येतील असे कमी खर्चाचे कला-प्रकल्प कोणते?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात डिचोलीजवळच्या शाळेत जूनपासून बालवाडी आणि पहिली मिळून १८ मुलं तुमच्याकडे येणार आहेत, रंगांसाठी पैसे जेमतेम आहेत, आणि मोबाईलवर पाहिलेले प्रकल्प मुलांच्या हातांना जमतील असं वाटत नाही. तुमची शंका बरोबर आहे. ते प्रकल्प मुलांचे नसतातच, आयांचे असतात.

मी सत्तरी तालुक्यात २३ वर्षं याच वयाची मुलं शिकवली. पहिल्या वर्षी चवथीच्या आधी सगळ्यांकडून पुठ्ठ्याचा गणपती करून घेतला. करून घेतला म्हणजे सोंड मी कापली, मुकुट मी चिकटवला, मुलांनी फक्त डोळे लावले. भिंतीवर वीस जुळे गणपती. सुट्टी संपल्यावर एकाला विचारलं, यातला तुझा कुठला? बराच वेळ बघून तो म्हणाला, "टीचर, तुमकांच खबर." (तुम्हालाच ठाऊक.) तेव्हापासून मी एवढंच बघते की भिंतीवरचं आपलं काम मुलाला नाव न वाचता ओळखता आलं पाहिजे.

त्या कसोटीला हमखास उतरतं ते लाल मातीतलं कोरकाम. शाळेमागच्या दरडीची माती वाळवायची, कुटायची, जुन्या पंचातून चाळून घ्यायची. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि ढवळत ढवळत खळ शिजवा. गार झाली की तिच्यात माती घाला. दाट दह्यासारखं झालं पाहिजे. हे मिश्रण जाड पांढऱ्या कागदावर तळहाताने फासायचं आणि ओलं असतानाच बोटाने किंवा हिराने रेघा ओढायच्या. रेघ ओढली की खालचा पांढरा उघडा पडतो. कागद विकत आणू नका, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू याला उत्तम. मुलांना मात्र बाबांचे जुने शर्ट पाठमोरे घालायला लावा. आपली माती लाल होते ती तिच्यातल्या लोहाच्या गंजामुळे, आणि तो डाग धुऊन जात नाही. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी तीन आया गणवेश हातात घेऊन वर्गाच्या दारात उभ्या होत्या.

आपल्याकडच्या जुन्या देवळांतली कावी कला याच जातीची आहे: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर, आणि तो टोकदार हत्याराने खरवडून काढलेली नक्षी. पण मुलांना हे काम आवडतं त्याचं कारण वेगळं आहे. चुकलं की हात फिरवला, पुन्हा कोरं. पाच वर्षांच्या एका मुलीने आधी घर काढलं, मग पुसलं. मग कोंबडी काढली, तीही पुसली. मग पाऊस. मी "घर बरं होतं गे" म्हणणार होते, तेवढ्यात तिने दोन्ही हातांची दहा बोटं वरपासून खालपर्यंत सरळ ओढली आणि ओरडली, "टीचर, सगळें पुसून उडयलें!" ते पुसून उडवलेलं चित्र वर्षभर भिंतीवर होतं. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबायचा.

पहिलीच्या मुलांना याच्याच पुढे नेता येतं. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्या दगडावर बैल, हरणं, मोर आणि एक गोल चक्रव्यूह कोरलेला आहे. त्याचा फोटो मोठा करून दाखवा. आधी अंगणातल्या ओल्या वाळूत बोटाने आत जायचं आणि बाहेर यायचं, मग मातीवर. मुख्याध्यापकांनी अक्षरओळख कधी घेणार असं विचारलं, तर हाच चक्रव्यूह दाखवा. ज्याचा हात गोल वळला त्याला ट, ठ आणि ळ फार छळत नाहीत.

चवथीला गणपती करू नका, माटोळी करा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची चौकट. प्रत्येक मुलाने घरच्या माटोळीतली एक वस्तू निवडायची. फाडलेला पेपर पाण्यात भिजवून, पिळून, खळीत मळून ती घडवायची आणि हळद, माती, कोळसा यांनी रंगवायची. शेवटी सगळ्या वस्तू बांबूच्या चौकटीला टांगायच्या. कोणी नारळ करतं, कोणी सुपारीचा घोस, कोणी कवंडळ हे लालभडक रानफळ (त्या लालीसाठी थोडं कुंकू खर्ची घाला). वस्तूच वेगवेगळ्या, त्यामुळे जुळी निघत नाहीत. एकाने घागऱ्यो, म्हणजे माटोळीतल्या रानटी शेंगा, केल्या आणि आत चिंचोके घातले. खऱ्या घागऱ्यो वाळल्या की वाजतात, म्हणून. हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीला ज्याचा पुतळा जाळतात त्या नरकासुराचं तोंड कागदी पिशवीवर. त्यात तुम्हाला शिकवण्यासारखं काही नाही, मुलं तुम्हालाच शिकवतील. भेंडी-कांद्याचे छाप वर्षातून एकदा पुरे. थर्माकोल अजिबात नको.

पावसाची एक अडचण आधीच सांगते. जून-जुलैत काही वाळत नाही आणि खळ दोन दिवसांत बुरसते. जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे. तुम्ही चुकूनही घालू नका, ते विष आहे आणि या वयात बोटं तोंडातच असतात. लागेल तेवढीच खळ त्या दिवशी शिजवा. एका वेळी पाच-सहा मुलं, वीस मिनिटं, बाकीची पाटीवर. खडू मोडून लहान तुकडे द्या, म्हणजे चिमटीत धरावेच लागतात. कात्री देण्याआधी महिनाभर कागद फाडू द्या.

आणि आभाळाची निळी पट्टी कागदाच्या वरच्या कडेला, जमीन खालच्या, मध्ये सगळं कोरं, असं चित्र आलं तर दुरुस्त करू नका. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात ही पट्टी साधारण पहिली-दुसरीच्या वयाची खूण आहे. मी एकदा एकाला म्हटलं, आभाळ जमिनीला टेकलेलं दिसतं ना? त्याने मला खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, "खंय टेकलां?" समोर काजूची झाडं होती. खरंच कुठे टेकलेलं नव्हतं.

लग्नपत्रिका मात्र आत्तापासून मागायला लागा. मे महिन्यात घरोघरी गठ्ठे पडलेले असतात, जूनमध्ये ते चुलीत गेलेले असतात.