प्रकाशनाची तारीख आत्ताच जाहीर करू नकोस

प्रिय,

तुझा लांबलचक मेल वाचला. कादंबरीचे साठ हजार शब्द झाले, दिवाळीआधी पुस्तक स्वतःच काढणार, लगेच दुसरा भाग, पुढच्या वर्षी तिसरा, मग ऑडिओबुक, सगळं एका दमात सांगितलंयस आणि वाचताना मला फार बरं वाटलं. नोकरी सांभाळून पहाटे पाचला उठून लिहायला बसतेस, ती वेळ काही झालं तरी सोडू नकोस.

पाठवलेली अठरा प्रकरणं वाचून झाली. तिसऱ्यातला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रसंग अप्रतिम आहे गं. पावतीवरचा उसाच्या वजनाचा आकडा कमी दिसतोय हे बापाला कळतं, तो ती पावती नीट घडी घालून टोपीत ठेवतो आणि काट्यावरच्या पोराला विचारतो, चहा झाला का. बस्स. त्याला काय वाटलं ते तू एका शब्दानं सांगितलं नाहीस तरी त्या माणसाची सगळी अगतिकता मला दिसली. तुझा खरा हात हा आहे.

पण अकराव्यापासून थोरली नुसती विचारच करत बसलीय, एसटीत विचार, भांडी घासताना विचार, गच्चीत विचार. शब्द वाढतायत पण गोष्ट हलत नाहीये. म्हणून आता शब्द मोजणं बंद कर आणि रोज उठताना वहीत एकच ओळ लिही, आज कोणी काय केलं आणि त्यामुळे पुढं काय बिघडणार. ती ओळ सुचली नाही तर त्या दिवशीची पानं परत वाच. आणि दर रविवारी पहिल्या प्रकरणावर हात फिरवत बसतेस ते थांबव, शेवट लिहून झाल्याशिवाय सुरुवात कशी हवी ते कळतच नाही.

दुसरं म्हणजे चौदाव्यात तू जूनमध्ये गाळप चालू दाखवलंयस! अगं मोळी पडते, म्हणजे हंगाम सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मार्च-एप्रिलपर्यंत पट्टा पडतो, म्हणजे तो संपतो, जूनमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या कधीच आपापल्या गावी गेलेल्या असतात, आणि तुझी तोडकरीण तर त्याच महिन्यात कारखान्याजवळच्या खोपीत बाळंत होतेय. सगळा प्रसंगच हलवावा लागेल. चांगल्या प्रकाशकाकडे संपादकानं हे पकडलं असतं. तू स्वतःच प्रकाशक होणार म्हणजे तुला अडवणारं कोणी नाही, आणि मला काळजी आहे ती नेमकी याची. अडवणारी माणसं तुलाच शोधायला लागतील. एक संपादक, एक मुद्रितशोधक, आणि कारखान्यात काम केलेला एक वाचक, जो साहित्यातलं काही वाचत नसला तरी चालेल. पैसे आधी यांच्यावर घाल, कव्हर आणि रील्सचं नंतर बघू.

पुस्तक छापून देणारे ते पॅकेजवाले आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागतायत म्हणालीस, ते देऊ नकोस. आपल्याकडे राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज केला की तो फुकट मिळतो. आणि त्यांच्या करारात ऑडिओ, भाषांतर, सिनेमा असे सगळे हक्क एका ओळीत घेतलेत, तिथे सही करायची नाही म्हणजे नाही. लिहिलंस त्या क्षणापासून कॉपीराइट तुझा आहे, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही, आणि लेखकाच्या पश्चात 60 वर्षं तो टिकतो, एवढी मोठी गोष्ट सवलतीच्या छपाईसाठी कोण देतं? मजकूर युनिकोडमध्येच ठेव. डीटीपीवाला तो श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये, नेतो तेव्हा रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, त्यामुळे शेवटचं प्रूफ त्यानंतरच वाचायचं, आणि दुरुस्त्या तुझ्या युनिकोड फाइलमध्येही तिथल्या तिथे करत जा नाहीतर ईबुकला सगळं काम पुन्हा करायला लागेल. छपाई सुरुवातीला थोड्याच प्रतींची कर, विक्रेत्यांचं कमिशन बरंच जातं, ते धरूनच किंमत ठरव.

दुसऱ्या भागाची टिपणं काढ, पण लिहायला घेऊ नकोस. यंदाच्या दिवाळीत कादंबरी येणार नाही हे आत्ताच मनाशी धर, मात्र वजनकाट्याचं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहतंय, ते दिवाळी अंकाला पाठव. पावसाळ्यातच पाठव, गणपतीनंतर अंकांची पानं भरत आलेली असतात.

अकरा ते अठरा पुन्हा लिहून झाली की मला पीडीएफ नको, प्रिंट काढून कुरिअर कर, पाठकोरी पानं आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडलेली. मी पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
ताई