ताण, तणाव आणि तंबूचे तणावे

प्रश्न नागपूरचाच आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंना ‘स्ट्रेस’ची कल्पना वैद्यकात रुजवणाऱ्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाच्या संशोधनावर मराठीत बोलायचंय. त्या विचारतात, ‘स्ट्रेस’ला ताण म्हणू, तणाव म्हणू, की सगळे म्हणतात तसं ‘ताणतणाव’?

‘ताणतणाव’ आधी खोडा. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, दर दोन खांबांआड ‘ताणतणाव मुक्ती शिबिरा’चा फलक लटकलेला असतो आणि तो वाचूनच माझं डोकं उठतं. यातल्या दुसऱ्या शब्दाचं काम काय, हे फलक लावणाऱ्यालाही सांगता येणार नाही. दोन गटांतला तणाव, तणावपूर्ण शांतता वगैरे वर्तमानपत्री अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो.

‘ताण’ सरळ आहे. संस्कृत ‘तन्’, म्हणजे ताणणे, पसरणे. तंतू, गवयाची तान, कोष्ट्याच्या मागावरचा ताणा, सगळे त्याच घरचे. लॅटिन ‘तेन्देरे’ही त्याच मूळ धातूचं, आणि त्यातून आलं इंग्रजी ‘टेन्शन’. म्हणजे ‘टेन्शन नको घेऊ बे’ म्हणणारं आपलं नागपुरी पोरगं ‘ताण’च्या सख्ख्या चुलतभावाचं नाव घेत असतं. ‘स्ट्रेस’ मात्र वेगळ्या घरचा. त्याचं मूळ आवळणे, करकचून बांधणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे.

खरी गंमत ‘तणाव’मध्ये आहे. काही शुद्धिवादी मंडळी म्हणतात, हा हिंदीतून घुसलेला, हाकला त्याला. या मंडळींनी तंबू ठोकताना कधी पाहिलेला दिसत नाही. तंबू ज्या दोऱ्यांनी खुंट्यांना ताणून बांधतात त्यांना मराठीत तणावे म्हणतात. संताजी घोरपड्यांच्या माणसांनी औरंगजेबाच्या डेऱ्याचे तणावे कापून सोन्याचे कळस पळवले, ही गोष्ट शाळेत ऐकली होती ना? मग शब्द परका कसा? फारसीत ‘तनाब’ म्हणजे तंबूची दोरी, हा शब्द तिथे अरबीतून आला. कोणी म्हणतं तणावा हा त्याचाच अवतार, कोणी म्हणतं छे, तो ‘तन्’चाच नातू. माझं मत असं की छावणीत दोन्ही एकमेकांना भेटले आणि एकजीव झाले. ज्यांना एकच बाप हवा त्यांनी खुशाल भांडावं.

आता सेल्ये. त्यांची अडचणही नेमक्या शब्दाचीच होती. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते नवं संप्रेरक सापडेल या आशेने उंदरांना बीजांडकोशाचे आणि वारेचे अर्क टोचत होते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी सुजल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण झाले. मग फॉर्मॅलिन हे दाहक रसायन टोचलं, तरी तेच! गारठा, जखम, अतिश्रम, विषारी औषधं, काहीही असो, उंदराचं शरीर तेच तिहेरी उत्तर देत होतं. हे 4 जुलै 1936 च्या ‘नेचर’मध्ये एका छोट्या पत्रात छापून आलं आणि त्यात ‘स्ट्रेस’ हा शब्दच नव्हता. तो पुढे त्यांनी रुळवला, इतका की फ्रेंच-जर्मनमध्येही जसाच्या तसा गेला. (अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हा शब्द आधीपासून वापरत होते, पण त्यांचा फलक बर्डीवर लागला नाही.)

पुढे सेल्येंनीच कबूल केलं की तेव्हा इंग्रजी कच्चं होतं, नाहीतर ‘स्ट्रेन’ म्हटलं असतं. भौतिकशास्त्रात बाहेरच्या जोरामुळे पडतो तो स्ट्रेस आणि त्याने वस्तूच्या आकारात होणारा बदल तो स्ट्रेन, मराठी पुस्तकांत प्रतिबल आणि विकृती. सेल्येंना सांगायचा होता शरीरात उमटलेला परिणाम, आणि नाव दिलं कारणाचं. मग कारणासाठी ‘स्ट्रेसर’ असा नवा शब्द पाडावा लागला. अर्ध्या जगाच्या वैद्यकाने तो गुमान उचलला. ‘विकृती’ तुम्ही व्याख्यानात वापरू नका, श्रोते भलतंच समजतील.

मराठीला हा घोळ घालायची गरजच नाही. तणावे ओढतात, ताण कापडाला बसतो. कारणाला तणावा, परिणामाला ताण! नागपूरचं मे महिन्यातलं ऊन हा तणावा, त्यात उभ्या माणसाच्या अधिवृक्क ग्रंथींचं जे होतं तो ताण. परिभाषा समित्यांनी ‘ताणकारक घटक’ असली लांबलचक शेपटी लावली. बोलताना कोण म्हणतं असं? अक्षरं वाचवायची सोडून वाढवायची, हा समित्यांचा जुना खाक्या.

सेल्येंच्या मांडणीवर पुढे जॉन मेसन या ताणाच्याच दुसऱ्या अभ्यासकाने आक्षेप घेतला. सगळ्या कारणांना शरीर एकच उत्तर देतं हे त्यांना पटलं नाही, मनाला धोका जाणवणं यातच बरंच काही असतं असं त्यांचं म्हणणं. शिवाय सेल्येंनी सिगारेट कंपन्यांचे पैसे घेतले होते, हेही व्याख्यानात येऊ द्या. नुसती आरती नको.

तर ताई, पत्रिकेवर ‘ताण’ छापा. ‘तणावा’ तोंडी वापरून बघा, आणि कोणी भुवया उंचावल्या तर त्याला तंबू ठोकायला लावा.