आरशाच्या जागी मोबाइल ठेवला की झालं का?

गेल्या अंकात म्हटलं होतं की जुन्या परीकथा आजच्या काळात आणून लिहा आणि कुठे अडतंय ते कळवा. मेल इतके आलेत की सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे त्यातले थोडेच घेतलेत.

प्रश्न : मी हिमगौरीची गोष्ट आजच्या मुंबईत लिहिली. राणीचा आरसा म्हणजे फिल्टरवाला मोबाइल कॅमेरा, सात बुटके म्हणजे पीजीत राहणारी सात मुलं. सगळे "छान आहे" म्हणाले पण कुणालाच भिडली नाही. काय चुकतंय? (ठाणे)

उत्तर : वाचली तुमची गोष्ट, भाषा एकदम मस्त आहे, पण एक गोची झालीये. फिल्टर खोटं बोलतो हो! ही गोष्ट छापणाऱ्या ग्रिम बंधूंचा आरसा कधीच खोटं बोलत नाही आणि राणीची सगळी पंचाईत तिथेच तर आहे, तिच्याकडे गोड गोड खोटं बोलणारा आरसा असता तर हिमगौरीला जंगलात जावंच लागलं नसतं. तुम्ही वस्तू बदललीत आणि तिचं काम उलटं होऊन बसलं. मी काय करते, आधी वस्तूंकडे बघतच नाही, गोष्टीत कोणाला कशाची भीती आहे आणि अट काय आहे एवढंच शोधते, मग ती भीती आज कुणाच्या घरात राहते ते बघते, वस्तू आपोआप सापडत जातात.

आता बघा, आज तोंडावर खरं सांगणारं काय आहे? व्ह्यूजचा आकडा. त्यात अजून एक, ग्रिमांच्या पुस्तकाच्या 1812च्या पहिल्या आवृत्तीत ती राणी हिमगौरीची सख्खी आई आहे, सावत्र ती 1819च्या आवृत्तीत झाली. आणि आरसा ज्या दिवशी पहिल्यांदा हिमगौरीचं नाव घेतो त्या दिवशी पोरगी फक्त सात वर्षांची आहे. सात! मग सख्खी आईच धरून लिहा ना. आईचं रेसिपीचं चॅनल, बरं चाललंय, एका व्हिडिओत लेक मागून येऊन बेसनाचा लाडू पळवते आणि नेमका तोच व्हिडिओ धो धो चालतो, खाली सगळ्या कमेंट "ताई, पिल्लूला दाखवा ना". पुढच्या वेळी आई ट्रायपॉड दोन इंच सरकवते, मुलगी फ्रेमच्या बाहेर. व्ह्यूज पडतात. मग पुन्हा आत घेते, पण या वेळी लाडू तिने ठरवलेल्या वेळीच पळवायचा, रिटेकवर रिटेक. माझ्या अंगावर काटा आला हे लिहिताना, आणि यात सफरचंद नाही की बुटकेही नाहीत. पीजीतली सात मुलं दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा.

प्रश्न : आमचे सासरे म्हणतात मूळ गोष्टींची वाट लावायचा हक्क कुणालाच नाही, तुम्हाला नवीन सुचत नाही म्हणून हे उद्योग. त्यांना काय सांगू? (नाशिक)

उत्तर : मूळ म्हणजे नक्की कुठलं, एवढंच विचारा त्यांना, पण चहा झाल्यावर. ग्रिमांच्या पुस्तकाच्या 1812 ते 1857 मध्ये सात आवृत्त्या निघाल्या आणि धाकटा विल्हेल्म गोष्टी बदलतच राहिला. पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली, लांब केस खाली सोडून माणसं वर घेणारी रपुंझेल भोळेपणाने म्हाताऱ्या बाईला विचारते की माझे कपडे असे घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे राजपुत्र रोज नुसत्या गप्पा मारायला चढत नव्हता हे वाचणाऱ्याला कळतं. लोकांनी आरडाओरडा केला की ही काय मुलांची गोष्ट आहे का, मग ते वाक्य गेलं आणि त्या जागी ती म्हणते की राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढायला जड का जातं. लाल टोपीवालीचं पण तेच, पेरो या फ्रेंच लेखकाने 1697मध्ये छापली त्यात लांडगा आजीला खातो, मुलीलाही खातो, गोष्ट खतम, वाचवायला कुणी येत नाही. कात्रीने पोट फाडणारा शिकारी आपल्याला ग्रिमांकडून मिळाला. म्हणजे पेरो पॅरिसच्या दरबारी लोकांसाठी लिहीत होता आणि ग्रिम मुलांच्या आईबापांना सांभाळत होते, ज्याने त्याने आपापल्या काळाला सोसेल तशी गोष्ट फिरवली, मग आपणच का सोवळ्यात राहायचं? हां, सासऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो, काहीही बदलून वर जुनंच नाव चिकटवतात तेव्हा माझंही डोकं फिरतं. लांडगा शेवटी सॉरी म्हणून शाकाहारी होणार असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिला वेगळं नाव द्या की.

प्रश्न : माझी सिंड्रेला टॉवरमध्ये घरकाम करते. शेवटी तिने राजपुत्राला नकार देऊन स्वतःचं स्टार्टअप काढलं असं केलंय. आजच्या वाचकाला हे आवडेल ना? (कल्याण)

उत्तर : आवडेल, आणि तासाभरात विसरेलही. राजपुत्राला उडवायला माझी काही हरकत नाही, खरं सांगायचं तर त्या गोष्टीत तो तसाही सगळ्यात बोअर माणूस आहे, बुटाचं माप घेत फिरतो. पण तुमच्या गोष्टीत तिचं काम कुठेय? ग्रिमांकडे सावत्र आई राखेत मसूर ओतते आणि म्हणते दोन तासांत निवडून दे मग बघू, पोरगी निवडून देते तर पुढच्या वेळी दुप्पट मसूर आणि वेळ अर्धा. हे तर आजही अगदी असंच चालतं, सुट्टी मागितली की आधी पडदे धुवून जा, पडदे धुतले की मग आता पंखेही पुसूनच जा. तो प्रसंग सविस्तर लिहा, वर जायचं ते सर्व्हिस लिफ्टने, चपला कुठे काढायच्या, कप वेगळा कुठे ठेवलेला असतो. आणि तुम्ही कल्याणला राहता तरी बाराचा ठोका सोडून दिलात याचं मला फार आश्चर्य वाटलं! तो पेरोचा आहे, ग्रिमांच्या शेवटच्या आवृत्तीत नाही, पण मुंबईत तो आयता मिळतो, शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल. ती गेली की जादू संपली, मग पहाटेपर्यंत बाकड्यावर. टॉवरमधल्या पार्टीत कुणालाच कळत नाही ही मुलगी सारखी घड्याळ का बघतेय.

प्रश्न : आपल्या मराठी गोष्टींचं असं करता येतं का? की हे सगळं इंग्रजी परीकथांचंच खूळ? (सांगली)

उत्तर : ग्रिम जर्मन, पेरो फ्रेंच, त्यामुळे इंग्रजीचं खूळ तसंही नाहीच. आणि आपल्याकडे तर माल तयारच आहे. चल रे भोपळ्या घ्या. म्हातारीने वाघाला पटवलं कसं, तर "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा". म्हणजे खाणाऱ्याच्या हावेवर खेळून वेळ मागून घेतला. आता सत्तरीच्या एकट्या बाईला व्हिडिओ कॉल येतो, समोर पोलिसाच्या गणवेशातला माणूस, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. (कायद्यात असली अटक नसतेच, असा फोन आला तर कट करा आणि 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा, हे गोष्टीबाहेरचं.) बाई रडत नाहीत. म्हणतात, "साहेब, खात्यात बारा हजारच आहेत, एवढ्याशाने तुमचं काय होणार, लेकीकडे जाते, एफडीचे कागद तिच्याकडे आहेत, मोडून आणते, मग सगळेच घ्या." वाघाच्या तोंडाला पाणी सुटतं, सोडतो. पुढे लेक नवीन सिम घालून देते, तोच भोपळा, परत फोन आला की आतून आवाज, "म्हातारी-कोतारी मला नाही माहीत". यात मी फार काही बदललंच नाहीये, फक्त वाघाला गणवेश चढवलाय.

चिऊताईवर पण दोघीतिघींनी विचारलंय की ती दार न उघडता बाळाला न्हाऊ घालत, तीट लावत बसते हे मुलांना आवडत नाही, बदलू का. नका बदलू. पावसात शेणाचं घर वाहून जातं ना, मग तीच गोष्ट मे महिन्यात न्या, विदर्भात न्या, 46 डिग्रीत मेणाच्या घराचं काय होतं ते बघा आणि कावळ्याच्या दारावर कोण टकटक करतंय ते लिहा. तो लगेच उघडतो की आधी बाळाला पावडर लावतो, ते तुमच्यावर.

प्रश्न : आजच्या गोष्टीची सुरुवात "आटपाट नगर होतं" अशी केली तर हास्यास्पद वाटेल का? (पुणे)

उत्तर : अजिबात नाही. "आटपाट नगर होतं, तिथे पाणी एक दिवसाआड येत होतं" असं कुणी लिहिलं तर मी पुढची दहा पानं वाचेन. फक्त मग खाली डोंबिवली, प्लॅटफॉर्म नंबर, पिनकोड वगैरे घालू नका, एक काहीतरी ठरवा.