किडे जगले म्हणजे दाणा चांगला, असं धरू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. पावसात काळ्या पडलेल्या खरीप ज्वारीवर सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे सोंडवाले किडे, जास्त वाढतात की कमी, हे बघायचंय असं लिहिलंयस. विषय मस्त आहे, पण सुरू करायच्या आधी थोडं ऐक.

पहिलं म्हणजे नुसतं "बुरशी" असं लिहू नकोस, कोणती ते लिही. कणसात दाणा भरताना पाऊस लागला की फ्युजॅरियम, कर्व्ह्युलेरिया येतात, त्यांना भरपूर ओल लागते, दाणा नीट वाळला की त्यांची वाढ थांबते. पोत्यातली बुरशी वेगळी, अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम, आणि अ‍ॅस्परजिलसच्या काही जाती तर १४ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावरही हळूहळू वाढतात.

आणि सगळ्या किड्यांवर एकसारखा परिणाम होत नाही. सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडी घालतो, अळी आतच वाढते, त्यामुळे दाण्याच्या आत बुरशी किती शिरलीय यावर तिचं सगळं अवलंबून. तांबडा भुंगेरा पिठावर आणि फुटक्या दाण्यावर जगतो, शिवाय त्याच्या अंगातून क्विनोन नावाचं रसायन निघतं आणि ते बुरशीला दाबतं. काही बारीक भुंगेरे तर चक्क बुरशीच खातात, ते चाळणीत दिसले की माल ओला आहे हे ओलावा मोजायचं मीटर लावायच्या आधीच समज. किड्यांना स्टेरॉल, म्हणजे वाढीला लागणारा एक चरबीसारखा घटक, स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच मिळवावं लागतं आणि बुरशीत ते असतं, म्हणून एखादी बुरशी एका किड्याला खुराक आणि दुसऱ्याला विष ठरू शकते.

आता खरी मेख. बुरशी लागलेला दाणा बहुतेक वेळा ओला आणि मऊ असतो, मग किडे वाढले ते बुरशीमुळे की ओलाव्यामुळे हे तुला कसं कळणार? म्हणून चांगला आणि काळा, दोन्ही दाणे आधी एकाच ओलाव्यावर आण, मगच किडे सोड. हे केलं नाहीस तर बाकी आकडे कितीही छान आले तरी त्यांचा उपयोग नाही. उलट बाजूही मोज, कारण किडे श्वास घेतात त्यातून उष्णता आणि पाणी सुटतं, पोत्यात मधेच एक गरम जागा तयार होते, तिथे बुरशी फोफावते, आणि हेच किडे अंगावर आणि विष्ठेतून बुरशीचे स्पोअर, म्हणजे बीजकण, पुढच्या दाण्यांपर्यंत नेतात.

गावात लोक म्हणतात, किडा खातोय म्हणजे धान्यात विष नाही. हे डोक्यातून काढ! काही किडे अफलाटॉक्सिन, म्हणजे अ‍ॅस्परजिलस बुरशीचं विष, पचवून जगतात, माणसाचं तसं नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशीचा मका खाऊन १०६ माणसं गेली, आणि १९९५ ला दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं पोटदुखी आणि जुलाबांनी आजारी पडली, त्या धान्यात फ्युमोनिसिन हे फ्युजॅरियम बुरशीचं विष सापडलं. म्हणून नुसते किडे मोजून थांबू नकोस, या विषांची, म्हणजे टॉक्सिनची, टेस्टही करून घे, खर्च होईल पण मागे लागून करून घे.

चाळताना मास्क लाव, ती धूळ नाकात जाऊ देऊ नकोस. आणि प्रयोग संपल्यावर उरलेली ज्वारी कोंबड्यांना टाकायची नाही, १९६० ला इंग्लंडमध्ये बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की मेल्या होत्या. सरळ जाळून टाक.

पहिल्या महिन्याचे आकडे आले की पाठव, ओलाव्याच्या नोंदींसकट.