माझ्या पॅनवर भलत्याच कुणीतरी लोन उचललंय, सिबिलमध्ये दिसतंय, काय करू?

पहिलं म्हणजे रिकव्हरीवाले फोन करून कितीही डोकं खाऊ देत, "एक हप्ता भरा, मिटवून टाकू" म्हणाले तरी एक रुपया भरू नका, भरलात की लोन तुमचंच आहे असं धरून चालतात. सिबिल म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी, तिच्या साइटवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका, पण नुसतं तेवढ्यावर बसू नका कारण लोन देणाऱ्या कंपनीने हो म्हटल्याशिवाय सिबिल स्वतःहून एंट्री काढत नाही, त्यामुळे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि लोनचा अर्ज, केवायसीचे कागद आणि पैसे कुठल्या बँक खात्यात गेले ते मागा. हे शेवटचं सगळ्यात कामाचं, खातं तुमचं नाही हे दिसलं की अर्धं काम तिथंच होतं.

सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करून तिचा नंबर सगळीकडे जोडा. (१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच, तिथं मिनिटं महत्त्वाची.) ३० दिवसांत डिस्प्यूट सुटला नाही तर आरबीआयच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हे त्यांना ईमेलमध्ये आवर्जून लिहा, सूर बदलतो बघा. तरी दाद दिली नाही तर आरबीआय लोकपाल.

एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे रिपोर्टपण काढा, प्रत्येकीचा वर्षाला एक फुकट असतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. आणि झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं आधार त्याच्यासमोरच डिलीट करायला लावत जा.