‘वन रँक वन पेन्शन’ मिळाली, मग मागणी कशाची उरली?

माजी सैनिक संघटनांच्या भूमिकांबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. पेन्शन, अग्निवीर, संरक्षणाचा अर्थसंकल्प, अपंगत्वाचे दावे असे विषय त्यांत आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : सरकार म्हणते ‘ओरोप’ (वन रँक वन पेन्शन) दिली. आमची संघटना म्हणते, दिलीच नाही. खरे कुणाचे? (माजी नायक, गडहिंग्लज)

दोघेही एकच शब्द वापरतात, पण दोघांच्या मनातली व्याख्या वेगळी आहे. राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर २०११ मध्ये अहवाल दिला. त्यातली व्याख्या अशी : पद सारखे, सेवेची वर्षे सारखी, तर पेन्शनही सारखी, मग माणूस कोणत्याही वर्षी निवृत्त झालेला असो. पुढे पेन्शन वाढली, तर ती वाढ जुन्यांनाही आपोआप मिळाली पाहिजे. संघटना याच ‘आपोआप’वर अडून आहेत.

जंतरमंतरवरचे उपोषण चालू असताना तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ५ सप्टेंबर २०१५ रोजी घोषणा केली आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी सरकारी पत्र निघाले. लाभ १ जुलै २०१४ पासून धरला. हिशेब मात्र असा : २०१३ मध्ये त्या पदावरून, तेवढ्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पेन्शन घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि ती जुन्यांना लावायची. समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. कमीत कमी १८,००० आणि जास्तीत जास्त २२,००० असेल, तर सरासरी २०,०००. ज्याला १६,००० मिळत होते तो २०,००० वर येतो. ज्याला २२,००० मिळत होते त्याचे कमी होत नाहीत. म्हणजे पद आणि सेवा सारखी असूनही एकाला २०,००० आणि दुसऱ्याला २२,००० मिळत राहतात. शिवाय फेरआढावा दर पाच वर्षांनी, म्हणजे मधल्या काळात निवृत्त होणारा पुन्हा पुढे जातो. सरासरीऐवजी कमाल रक्कम धरा आणि आढावा दरवर्षी घ्या, या दोन मागण्या इथून आल्या. तत्त्वाच्या दृष्टीने त्या योग्य आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण त्या कुठे मांडायच्या, हे ओळखले पाहिजे. १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची पद्धत घटनाबाह्य नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे, असा निकाल दिला. त्यामुळे सरासरीविरुद्धची लढाई आता संसदेत आणि मंत्रालयात लढायची आहे. मात्र पाच वर्षांचा आढावा त्याच निकालाने पक्का केला. १ जुलै २०१९ चा आढावा त्यातूनच पदरात पडला, पुढचा १ जुलै २०२४ चा झाला आणि त्यानंतरचा १ जुलै २०२९ ला येतो.

तुमच्या स्वतःच्या रकमेचे म्हणाल, तर ‘ओरोप’चे तक्ते तीन गोष्टींवर चालतात : पद, ग्रुप (ट्रेडनुसार ठरलेला वेतनगट) आणि पात्र सेवेची वर्षे. बँकेतून ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत खाती गेली तेव्हा बहुतेक गोंधळ याच तीन नोंदींत झाले. डिस्चार्ज बुक आणि मूळ पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) समोर ठेवून ‘स्पर्श’वरची माहिती ओळीने ताडून पाहा. पात्र सेवा सहा महिन्यांनी जरी कमी पडली असेल, तरी तक्त्यातला खालचा आकडा लागू शकतो. चूक सापडली तर ‘स्पर्श’वरच तक्रार नोंदवा, दोन्ही कागद स्कॅन करून जोडा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ‘पेन्शन कमी येते’ एवढेच लिहिले, तर ठरावीक उत्तर येऊन तक्रार बंद होते. ‘पीपीओत पात्र सेवा १७ वर्षे, स्पर्शवर १५ वर्षे’ असे लिहा.

प्रश्न : पेन्शनवर एवढा खर्च होतो म्हणून शस्त्रांना पैसा उरत नाही, असे टीव्हीवर सांगतात. संघटनेने यावर काय बोलावे? (वाचक, कोरेगाव)

आधी आकडे पाहा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. त्यातले पेन्शनसाठी १,६०,७९५ कोटी, म्हणजे सुमारे २३.६ टक्के. शस्त्रे, विमाने, जहाजे यांच्या भांडवली खर्चासाठी १,८०,००० कोटी, सुमारे २६.४ टक्के. पेन्शनच्या रकमेत संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांची पेन्शनही मिळवलेली असते. चर्चेत हे क्वचितच सांगितले जाते, म्हणून संघटनेने ते ठरावात लिहावे.

दुसरी गोष्ट मुळाची आहे. नागरी कर्मचारी साठीपर्यंत पगार घेतो. जवानाला सैन्य तरुण राहावे म्हणून चाळिशीच्या आसपास, कधी त्याआधीच घरी पाठवतात. पेन्शनची वर्षे वाढतात ती देशाच्या गरजेमुळे. कारगिल युद्धानंतर २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आढावा समितीने यावर मार्ग सुचवला होता : सैन्यातली सेवा सात ते दहा वर्षांची करावी आणि मग या प्रशिक्षित जवानांना निमलष्करी दलांत घ्यावे. त्यात सैन्य तरुण राहते, पेन्शनचा बोजा उतरतो आणि जवानाची नोकरीही टिकते.

त्यामुळे ‘पेन्शन की तोफ’ हा वाद संघटनेने मान्यच करू नये. ठरावात दोन्ही मागण्या शेजारी ठेवा. एक, भांडवली निधी न वापरला गेल्यास वर्षअखेरीस परत जाऊ नये. पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण व अंतर्गत सुरक्षेसाठी अशाच, रद्द न होणाऱ्या आधुनिकीकरण निधीची शिफारस केली होती. दोन, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने मांडलेले देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) तीन टक्क्यांचे उद्दिष्ट. २०२५-२६ मध्ये ही तरतूद दोन टक्क्यांच्या आत होती.

प्रश्न : मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षांनी तो ‘माजी सैनिक’ ठरेल का? संघटना त्याच्यासाठी काही मागते का? (एक आई, महाड)

सध्याच्या योजनेत नाही. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अटींनुसार चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. प्रत्येक तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत नियमित सेवेत घेतले जातात. बाकीच्यांना सेवा निधी मिळतो : दर महिन्याच्या वेतनातून ३० टक्के कपात, तेवढीच भर सरकारची. चार वर्षांत १०.०४ लाख होतात, व्याजासह सुमारे ११.७१ लाख, आणि त्यावर प्राप्तिकर नाही.

सेवेमुळे मृत्यू आला, तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवा निधी कुटुंबाला मिळतो. नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारी मासिक पेन्शन मात्र मिळत नाही. एकाच चौकीत, एकाच गोळीने गेलेल्या दोघांच्या घरी हा फरक पडतो. म्हणून इतर मुद्द्यांवर मतभेद असलेल्या संघटनाही शहीद अग्निवीराच्या कुटुंबाला पेन्शन द्या, या मागणीवर एकत्र येतात. नियमित होणाऱ्यांचे प्रमाण वाढवा आणि माजी सैनिकाचा दर्जा द्या, या मागण्याही पुष्कळ ठिकाणी आहेत. आम्हाला पहिली मागणी सर्वांत आधी मान्य व्हावीशी वाटते.

तुमच्या मुलाने आतापासून करायचे ते असे : केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आणि वयाची सवलत आहे, तेव्हा जाहिरातींवर लक्ष ठेवावे. बाहेर पडताना मिळणारे कौशल्य प्रमाणपत्र नावातल्या स्पेलिंगसह तपासून घ्यावे. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेशी नाव जुळले नाही, की भरतीच्या कागदपत्र तपासणीत माणूस अडकतो.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी रिलीज मेडिकल बोर्डाने (सेवेतून बाहेर पडतानाच्या वैद्यकीय मंडळाने) माझा रक्तदाब ३० टक्के धरला, पण ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिले. अपंगत्व पेन्शन नाकारली. आता काही होईल का? (माजी हवालदार, खटाव)

होण्याची शक्यता आहे. थोडे सविस्तर सांगतो, कारण असे दावे बहुतेक कागदांअभावी पडतात.

बोर्डाच्या कागदपत्रात दोन गोष्टी निर्णायक असतात : अपंगत्वाची टक्केवारी, आणि आजार सेवेमुळे झाला की सेवेमुळे वाढला. टक्केवारी २० किंवा जास्त असून दुसऱ्या रकान्यात ‘दोन्ही नाही’ असा शेरा पडला, की पेन्शन अडते. शेऱ्याचे नेहमीचे कारण ‘आजार शांत (पीस) ठाण्यावर, म्हणजे सीमेपासून दूर असताना सुरू झाला’ हे असते. धरमवीर सिंह प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरायचे. तसे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणे लिहिली पाहिजेत. एका ओळीच्या शेऱ्याला कारण म्हणता येत नाही.

टक्केवारीच्या गोलाईचाही फायदा आहे. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १०० धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानंतर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे. शंभर टक्क्यांचा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. वेतन ५०,००० धरले, तर शंभर टक्क्यांना १५,०००. तुमचे ३० टक्के सरळ धरले तर ४,५००. गोलाईने ५० टक्के झाले तर ७,५००.

आता पायऱ्या. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये. मागायचे कागद : मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही (फॉर्म एएफएमएसएफ-१६), भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, आणि कोणत्या ठाण्यावर कधीपासून कधीपर्यंत होता त्याची यादी. त्या यादीत फील्ड आणि अतिउंचीवरची ठाणी वेगळी खुणावा. मग पहिले अपील, ते फेटाळले तर दुसरे अपील. तेही फेटाळले, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज. अपील न करता थेट न्यायाधिकरणात गेलात, तर आधीचे मार्ग वापरले नाहीत म्हणून परत पाठवतील.

बारा वर्षे झाली म्हणून दार बंद होत नाही. पेन्शनचे नुकसान दर महिन्याला होत असते, म्हणून विलंब माफ होतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंह निकालामुळे (२००८) थकबाकी साधारणतः अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून प्रत्येक महिना मोलाचा आहे.

सप्टेंबर २०२३ चे अपंगत्व पेन्शनचे नवे पात्रता नियम तुम्हाला लागू नाहीत. ते २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांसाठी आहेत. संघटनांचा त्यांना विरोध आहे, आणि आम्हालाही ते कठोर वाटतात. ‘गैरफायदा घेणारे थोडे आहेत’ म्हणून सियाचीन आणि तवांग करून आलेल्या साऱ्यांना संशयाखाली उभे करणे न्यायाचे नाही.

प्रश्न : निवडणुकीत उमेदवार आमच्या संघटनेला पदके लावून व्यासपीठावर बोलावतात. जावे का? (तालुका सचिव)

निवृत्त सैनिकाला नागरिक म्हणून कोणत्याही सभेला जाता येते. संघटनेचा फलक, गणवेश आणि जवानांचे फोटो मात्र तिथे नकोत. प्रचारात सैन्याचे फोटो वापरू नका, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा ९ मार्च २०१९ रोजी पक्षांना दिली आहे. उद्या दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याकडे निवेदन घेऊन जायचे आहे, हे सदस्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमचे ठराव दिल्लीला जातात, पण पोचच येत नाही. कसे लिहावे? (माजी सुभेदार, चंदगड)

एका ठरावात एकच मागणी ठेवा. बारा मागण्यांचे निवेदन बारा विभागांत फिरते आणि कुणाचेच राहत नाही. पहिल्या परिच्छेदात पत्राचा किंवा नियमाचा दिनांक, दुसऱ्यात तो कुणाला, किती रुपयांनी लागतो, तिसऱ्यात नेमका कोणता शब्द बदलावा. ‘ओरोप नीट द्या’ असे न लिहिता ‘७ नोव्हेंबर २०१५ च्या पत्रातील सरासरीऐवजी कमाल पेन्शन धरावी’ असे लिहा. सोबत सदस्यांच्या पीपीओवरून केलेले दोन-तीन हिशेब जोडा, त्यांची नावे झाकून. पेन्शनचा विषय असेल तर माजी सैनिक कल्याण विभाग, जिल्ह्यातला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि प्रत पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाला.

संसदेकडे याचिका करायची, तर ती खासदारामार्फत द्या आणि मराठी अर्जासोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. कोश्यारी समितीचा अहवाल तेव्हाचे राज्यसभा सदस्य राजीव चंद्रशेखर यांच्या अशाच याचिकेतून निघाला होता.

संघटना नोंदलेली नसेल, तर ठरावाला वजन येत नाही. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात, नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला, तर कागदावर जुनाच अध्यक्ष राहतो. मग नव्या अध्यक्षाच्या सहीचे निवेदन आणि बँकेतले खाते, दोन्ही अडतात.