कमी वजनाचं बाळ एसएनसीयूतून घरी येतंय. घरच्यांनी नेमकं काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ३३व्या आठवड्यात झाली, जन्माचं वजन १६१० ग्रॅम. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात, राहून आता १७८० वर आली आहे आणि परवा घरी सोडणार आहेत. सिस्टर एक सांगतात, तुमची आई दुसरंच सांगते, आणि बायको मधल्या मध्ये रडकुंडीला आली आहे. ऐकायचं कोणाचं?

मी स्वतः एसएनसीयूत स्टाफ नर्स आहे, म्हणजे 'सिस्टरचं ऐका' हेच उत्तर येणार असं तुम्हाला वाटेल. पण आईंच्या सांगण्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं, काही तर चांगलंच असतं. काही मोजक्या गोष्टी मात्र या वजनाच्या बाळाला खरोखर महागात पडतात. वाद घालायचा तर तेवढ्यांसाठीच घाला. कुंची-टोपडं, मीठ-मोहरीने दृष्ट काढणं, तळपायाला काळा टिक्का, बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर, यावर शब्दही खर्च करू नका. खोबरेल तेल हलक्या हाताने लावायलाही हरकत नाही. प्रत्येक गोष्टीला 'सिस्टरनी नाही सांगितलंय' म्हणत राहिलात, तर ज्या दिवशी खरंच नाही म्हणायचं असेल त्या दिवशी कोणी ऐकणार नाही.

आता ऊब. या बाळांच्या अंगावर चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे अंग गार पडायला वेळ लागत नाही. गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, वजन धरत नाही आणि त्यातच आजारी पडतं. तपासायला थर्मामीटरच हवा असं नाही. तुमच्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही सारखेच कोमट आणि तळवे गुलाबी असले तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी घेऊनच दवाखान्याची वाट धरा. हे आईंना करून दाखवा. बायका हे एकदा बघून कायमचं शिकतात, नातवंडाच्या पायाला हात लावून बघायची सवय त्यांना असतेच.

छातीशी घ्या म्हणजे कांगारू केअर. वॉर्डात तुमच्या पत्नीने केलीच असेल, पण घरी गेल्यावर ती बंद पडते हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे फाकलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, नाक-तोंड मोकळं. वरून साडी किंवा ओढणी घट्ट गुंडाळायची आणि त्यावर आईचा गाऊन. एका बैठकीला निदान तासभर तरी, आणि दिवसभरात जितकं जास्त तितकं चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. त्यामुळे 'गरिबांचा उपाय' हा शिक्का त्याला बराच काळ चिकटून राहिला. तो शिक्का आता पुसायला हवा. २०२१मध्ये पाच रुग्णालयांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना आधी स्थिर करून मग कांगारू केअर देण्याऐवजी जन्मल्यापासून लगेच दिली, तर मृत्यू साधारण एक चतुर्थांशाने कमी झाले. तुमची मुलगी जन्मली ती याच वजनात.

आणि हे एकट्या आईने करायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही शर्ट काढून बसा. आईंना बसवा. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, 'असलं काही आमच्यात नसतं' म्हणत दाराशीच उभ्या राहिल्या. सून तापाने पडली होती, म्हणून नाइलाजाने खुर्चीत बसल्या. नात छातीवर ठेवली, वरून पदर गुंडाळला. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा वर चढलेला त्यांना बोट लावून दाखवला. मग त्या उठायलाच तयार होईनात, जेवणाचा डबासुद्धा तिथेच मागवला. घरी गेल्यावर त्या बाळाला शेगडी लागली नसणार याची मला खात्री आहे, कारण ऊब कुठून येते ते त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिलं होतं. तुमच्या आईंना डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात घेऊन या आणि सिस्टरना सांगा, 'आईंनाही शिकवा.' आम्ही सगळं बाळंतिणीला समजावतो आणि घरात निर्णय दुसरंच कोणी घेतं, आमच्या कामातला सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे.

शेगडीचा विषय निघालाच आहे, तर आता वादाच्या गोष्टी. बंद खोलीत कोळशाचा शेक आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी अजिबात नको. धूर या फुफ्फुसांना सोसत नाही आणि कोळशाच्या विषारी वायूला तर वासही नसतो. गरम पाण्याची पिशवी बाळाशेजारी ठेवू नका, कातडी भाजते. नाका-कानात तेल नाही, डोळ्यांत काजळ नाही. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत तर कधीच नाही. गुटी उगाळून द्यायची नाही, कारण सहाणेवरचे जंतू थेट पोटात जातात. रोजची अंघोळही थांबवा, वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने भराभर पुसून कोरडं करायचं. बारसं साधं करा, जमलंच तर पुढे ढकला. पन्नास माणसांनी पापा घेतलेलं बाळ सर्दी घेऊन आमच्याकडेच परत येतं. हात धुतल्याशिवाय बाळाला कोणी घ्यायचं नाही, आणि हा नियम पाहुण्यांइतकाच घरातल्या मशेरी-तंबाखूवाल्यांना लागू. विडी-सिगारेट घराबाहेर.

दुधाचं जरा सविस्तर सांगते, कारण वजन इथेच अडतं. 'रडलं की पाजायचं' हे पूर्ण दिवसांच्या बाळाला ठीक. ३३ आठवड्यांचं बाळ भूक लागली तरी रडेलच असं नाही, ते नुसतं झोपून राहतं, आणि घरचे म्हणतात 'किती शहाणी आहे, त्रासच देत नाही'. तिला दर दोन तासांनी उठवायचं, रात्रीसुद्धा. कपडे सैल करा, तळपाय ओल्या बोटाने पुसा, उठते. अंगावर ओढून दमत असेल तर उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, द्या. बाळाला अर्धवट उभं धरायचं, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायची आणि थोडं थोडं ओतायचं. गिळल्याशिवाय पुढचा घोट नाही. घाई केली की ठसका लागतो. बोंडलं प्रत्येक वेळी साबणाने धुऊन उकळायचं. बाटली नको. काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एका वेळी किती मिली ते तुमच्या डिस्चार्ज कागदावर असेल, नसेल तर विचारून लिहून घ्या. दिवसात सहा-आठ वेळा लघवी झाली म्हणजे पोटात दूध जातंय. वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं, पण ते घरच्या काट्यावर रोज बघत बसू नका, आठवड्याला एकदा, एकाच ठिकाणी.

पत्नीला पाणी तोडू नका. 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावं' हे अजून घराघरात चालतं. तहान लागेल तेवढं प्यायला हवं. आणि दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईला दुपारची झोप मिळेल अशी सोय तुम्ही करायची, हे काम आईंवर ढकलू नका. 'माझ्यामुळेच लवकर झालं' असं ती म्हणत असेल तर हसून उडवू नका. दोन आठवड्यांच्या वर उदासी टिकली, झोप लागेना, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, मराठीत बोलता येतं.

आशाताई येतील त्यांना दारातून परत पाठवू नका, आणि आल्या नाहीत तर स्वतः फोन करा. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्यांची घरभेट ठरलेली असते. सोडल्या दिवसापासून उरलेल्या भेटी तुमच्या घरी व्हायला हव्यात. पुष्कळ शिकलेल्या घरांत त्यांना नुसतं 'सगळं ठीक आहे' म्हणून वाटेला लावतात, हे मला फार खटकतं. या घरभेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. ते १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११पासून आशांमार्फत देशभर ही पद्धत लागू झाली. तेव्हा आशाताई काटा आणि थर्मामीटर पिशवीतून काढतात तेव्हा तुम्हीही शेजारी बसून बघा.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचं आंधळेपण येऊ शकतं. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, म्हणून लोक जात नाहीत. तुमच्या मुलीची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, घरी आल्यापासून नव्हे. तारीख आणि ठिकाण वॉर्ड सोडण्याआधी लिहून घ्या. डॉक्टरांनी 'पुन्हा या' म्हटलं तर पुन्हा जा. वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतं. कानांची तपासणीही त्याच फेरीत विचारून टाका.

लगेच निघायचं ते केव्हा: दूध ओढायचं थांबली, अंग गार किंवा तापलेलं, हाका मारून हलवूनही सुस्त, झटके, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे, ओठ निळे. श्वास शांत असताना पूर्ण मिनिट मोजा. या बाळांचा श्वास थोडा अनियमित असतोच, पण २० सेकंदांहून जास्त थांबला तर अंगठ्याने तळपाय घासून जागं करा आणि निघा. १०८ला फोन करा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, पैशांसाठी सकाळची वाट बघू नका. गाडीतही बाळ कोणाच्या तरी छातीशी बांधलेलंच असू द्या.

लसी जन्मतारखेप्रमाणेच घ्यायच्या, 'लवकर झालीय म्हणून उशिरा' असं करायचं नाही. दीड महिन्याची लस दीड महिन्यालाच. उलट, मान कधी धरली, बसली कधी, हे मोजताना मात्र सात आठवडे वजा करा, नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून घरात उगाच कटकटी सुरू होतात.